एचआयव्हीबाधितांतील मेदविकृती आणि आपले कर्तव्य

गाल बसलेले, हातापायांवरील शिरा उठून दिसणाऱ्या, परंतु पोट सुटलेले, असा रुग्ण परंड्यासारख्या तालुक्याच्या गावीही आपल्यासमोर येऊ शकतो. चरकसंहितेच्या अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश हे दोन वेगळे पुरुष वर्णिले आहेत. येथे मात्र कार्श्य आणि स्थौल्य एकाच देहात दिसतात. म्हणून केवळ उदर पाहून लेखन, अथवा केवळ मुख पाहून बृंहण योजणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अशा रुग्णास प्रथम पूर्वीची औषधे विचारावीत.

या विकृतीस आधुनिक वैद्यकात लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. चेहरा, हात, पाय व नितंब येथील त्वचेखालचा मेद झिजतो. उदर, स्तन व मानेची मागील बाजू येथे तो साठतो. पुष्कळदा रक्तातील मेद व शर्करा यांचे प्रमाणही वाढते. झिजेस प्रामुख्याने स्टॅव्हुडीन व काही अंशी झिडोव्हुडीन ही औषधे कारणीभूत असतात. त्यांमुळे मेदपेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा ऱ्हास होतो. शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा स्टॅव्हुडीन प्रचारात होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने थांबविण्याची शिफारस केली. त्या काळातील रुग्णांचा गेलेला मेद औषध बदलूनही सावकाश व अपुराच भरून येतो. हल्लीच्या डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त उपचारात अशी झीज सहसा होत नाही, मात्र वजन वाढू शकते.

चेहऱ्यावरून गावात आजार ओळखला जाईल, या धास्तीने रुग्ण गोळ्या सोडण्याचा विचार करतो. खरा धोका येथेच आहे. गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो व औषधास दाद न देणारा होऊ शकतो. आपल्या सल्ल्याने एआरटी कधीही बंद होऊ नये. रुग्णास एआरटी केंद्राकडेच पाठवावे.

शंखभस्म, प्रवाळपिष्टी, लोहभस्म, मंडूर यांत कॅल्शियम वा लोह असते. त्यांनी डोल्युटेग्रॅव्हिरचे शोषण घटू शकते. म्हणून ही औषधे त्या गोळीनंतर दोन तासांनी किंवा गोळीपूर्वी किमान सहा तास द्यावीत. औषधी विक्रेत्यांनीही ही वेळ सांगावी.

गोपनीयता हे तर कायद्याचेही बंधन आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. दुकानात चार माणसे उभी असता रुग्णाच्या आजाराची वाच्यता होऊ नये, ही आमची सर्व वैद्यबंधूंना व विक्रेत्यांना विनंती.