घोड्यांचा मेंदूज्वर : कीटक आणि गोचीड यांचा वाटा

घोडा सुस्तावतो, त्याचा तोल जातो आणि काही दिवसांतच तो दगावतो. विषाणुजन्य मेंदूज्वराची ही लक्षणे होत. आजारी घोड्यामुळेच रोग पसरतो, असा समज होणे स्वाभाविक असले तरी वस्तुस्थिती बहुधा निराळी असते.

१९३० साली कॅलिफोर्नियातील सान वाकीन खोऱ्यात घोड्यांत मोठी साथ आली. डॉ. कार्ल मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या साथीतील घोड्याच्या मेंदूतून विषाणू वेगळा केला. हा विषाणू मुळात पक्ष्यांत वास करतो, असे पुढे आढळून आले. डासाने पक्ष्याचे रक्त शोषले की विषाणू त्याच्या शरीरात वाढून लाळेत उतरतो व पुढील दंशाबरोबर घोड्यात शिरतो. घोड्याच्या रक्तात मात्र तो इतका अल्प असतो की, नव्या डासाला सहसा बाधा होत नाही. भातखाचरांच्या प्रदेशातील जपानी मेंदूज्वरातही हेच घडते. तेथे विषाणू बगळे व डुकरे यांच्यात वाढतो. स्कॉटलंडमधील ‘लूपिंग इल’ रोगाचा प्रसार गोचीड करते.

व्हेनेझुएलातील मेंदूज्वर मात्र अपवाद होय. त्यात घोड्यापासूनही डास बाधित होतात. म्हणूनच १९७१ मध्ये टेक्सासमध्ये घोड्यांना लस टोचून व डासनाशक फवारणी करून साथ आवरण्यात आली.

तात्पर्य, वेळीच लसीकरण, साचलेल्या पाण्याचा निचरा आणि गोचिडांचे निर्मूलन हेच खरे उपाय होत.