रक्त किती, हा प्रश्नच नव्हे

गुन्हेमालिकांबद्दल तक्रार निघते तेव्हा ती बहुधा रक्ताच्या प्रमाणाची असते. खून किती दाखवले, रक्त किती सांडले? मला हे मापच चुकीचे वाटते. हिंसा किती दाखवली यापेक्षा आपल्याला ती कुणाच्या जागेवरून पाहायला लावली, हे तपासायला हवे.

‘सीआयडी’चे उदाहरण घेऊ. ‘एक शून्य शून्य’ ही मुंबई दूरदर्शनवरची मराठी मालिका करणाऱ्या बी. पी. सिंग यांची ही मालिका १९९८मध्ये ‘सोनी’वर सुरू झाली. तिच्यात रक्त बेताचेच. प्रेत सापडते, डॉ. साळुंखे प्रयोगशाळेतून धागा देतात, एसीपी प्रद्युम्न गुन्हेगाराला गाठतात. आमच्याकडे ती जेवताना लागायची. प्रेत पाहून कुणाचा घास अडकल्याचे मला आठवत नाही. मेलेला माणूस तिथे एक कोडे होता आणि त्याच्यामागे रडणारी माणसे बहुतेक वेळा फक्त संशयित.

२००३मध्ये सुरू झालेल्या ‘क्राइम पेट्रोल’ने खऱ्या घटनांचे नाट्यरूप दाखवले. बळी पडलेल्या व्यक्तीला घर, नोकरी, नातीगोती मिळाली. ही मोठीच भर. पण शेवट ठाऊक असलेला निवेदक मध्येच येऊन सावधगिरीचा धडा देतो. मालिकेच्या नावालाही पुढे ‘सतर्क’ हा शब्द जोडला गेला. मग प्रेक्षक नकळत गुन्हेगाराऐवजी बळीच्याच चुका मोजू लागतो. ‘एवढ्या रात्री ती गेलीच कशाला?’ हा प्रश्न पडद्यावरून घरात उतरतो.

अमेरिकी माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९७०च्या दशकात मांडले की, जास्त वेळ टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून अधिक धोक्याचे वाटू लागते. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम लहान आढळला, तरी आपल्याकडे त्यात एक गोष्ट जोडावी लागेल. भीती सगळ्यांना वाटते, पण तिच्यापायी येणारी बंधने मुलींच्याच वाट्याला येतात.

याहून वेगळी वाट आहे का? रिची मेहता यांची ‘दिल्ली क्राइम’ (२०१९) ही ‘नेटफ्लिक्स’वरील मालिका २०१२च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या तपासावर आधारलेली आहे. तिने तो अत्याचार दाखवलाच नाही. पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी रुग्णालयात डॉक्टरांकडून जखमांची माहिती ऐकते, आणि आपण शेफाली शाह यांचा चेहरा पाहत राहतो. रक्ताचा देखावा न मांडताही इथे घास अडकतो. २०२०मध्ये या मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तरीही इथली नजर पोलिसांचीच आहे. पीडितेच्या आईवडिलांच्या वाट्याला थोडाच वेळ येतो.

म्हणून मालिका पाहताना मी आता एवढेच विचारतो: गुन्हेगार सापडल्यावर कथा संपली, की ज्याचे माणूस गेले त्याच्यासाठीही ती क्षणभर थांबली? खुनी सापडला म्हणून त्या घरातले ताट पुन्हा भरत नाही. हे ज्या मालिकेला आठवते, तिच्यातले रक्त मला खोटे वाटत नाही.