बाबांच्या दिवसांचा हिशेब

आमची मुलगी 2012 साली पुण्यात जन्मली. बारशाला आलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय गं, ही अमेरिकन म्हणायची की इंग्रज?" सगळे हसले. मीही हसले, पण खरं सांगायचं तर उत्तर मला ठाऊक नव्हतं.

माझे यजमान 1978 साली इंग्लंडमध्ये जन्मले. ते आठ वर्षांचे असताना सासरे कुटुंबासह न्यू जर्सीला गेले. पुढे शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर यजमानांनाही अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. त्यामुळे दोन देशांचे दोन पासपोर्ट त्यांच्या कपाटात, आणि त्या दोन्ही देशांना त्याचं वावडं नाही. नोकरीच्या निमित्तानं ते पुण्यात आले आणि इथेच रमले. मी इथलीच, भारतीय नागरिक.

एरवी हा प्रश्न आम्ही तसाच ठेवला असता. पण तिकडे सासूबाई आजारी होत्या. डॉक्टरांनी त्यांना प्रवासाची मनाई केली होती, आणि नातीला एकदा मांडीवर घ्यायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला वाटलं, मुलीचा भारतीय पासपोर्ट काढू, त्यावर व्हिसा घेऊ, झालं. तेव्हा कळलं, की अमेरिकेच्या नागरिकानं त्या देशात तिथल्याच पासपोर्टवर जायचं, असा कायदा आहे. मग तो नागरिक दोन महिन्यांचा का असेना! म्हणजे आधी ठरायला हवं, की ही नागरिक आहे की नाही.

ब्रिटनचं उत्तर सोपं निघालं. वडील स्वतः त्या देशात जन्मलेले आणि तिथले नागरिक, म्हणून मुलगी जन्मतःच ब्रिटिश. मात्र हे 'वंशानं' आलेलं नागरिकत्व. उद्या तिची मुलं ब्रिटनबाहेर जन्मली, तर त्यांच्याकडे ते आपोआप जाणार नाही.

अमेरिकेचं तसं नाही. मूल परदेशात जन्मलेलं, आईवडील विवाहित आणि त्यांच्यातलं एकच अमेरिकन असेल, तर त्या एकानं मुलाच्या जन्माआधी एकूण पाच वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर काढलेली असावी लागतात; आणि त्यांतली निदान दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. (14 नोव्हेंबर 1986 पूर्वी जन्मलेल्यांना हाच नियम दहा आणि पाच वर्षांचा होता.) यातला 'प्रत्यक्ष' हा शब्द फार महत्त्वाचा. घर तिकडे होतं, कर तिकडे भरला, एवढ्यानं भागत नाही. आजोळी घालवलेली उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा वजा होते. उलट, नागरिक होण्याआधी तिथे राहिलेले दिवस मात्र धरले जातात. याचं मला नवल वाटलं.

माझ्या एका मैत्रिणीचे यजमान अमेरिकेत जन्मलेले. अकरा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर इकडे परतले, ते कायमचे. पासपोर्ट अमेरिकेचा, नागरिकत्वाबद्दल शंका नाही; पण चौदा वर्षांनंतरचा एक दिवसही तिथला नाही. इथे जन्मलेल्या मुलांना ते आपलं नागरिकत्व देऊ शकले नाहीत. नागरिक असणं आणि ते मुलाला देता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनाही मूल झाल्यावरच समजलं.

आमच्याकडे वर्षं भरपूर होती, पण पुरावा? मुलीचं काम तिचं नाव घातलेल्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर झालं. त्याला आमचा विवाहदाखला जोडला. बाकी सगळी झाडाझडती बाबांची! इथे सासूबाईंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा कामाला आला. त्यात प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड आणि रद्द झालेले पासपोर्ट होते. हायस्कूल आणि कॉलेजची अधिकृत गुणपत्रकं मागवून घेतली; चौदाव्या वर्षानंतरची दोन वर्षं त्यांतूनच सिद्ध व्हायची होती. मग जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के बघत आम्ही दोघं तीन रात्री तारखा मांडत बसलो. 1991 चा एक शिक्का इतका पुसट, की मे की जुलै यावरून आमचं चांगलंच वाजलं.

मुलीला घेऊन मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत गेलो. बाळाला समोर आणावंच लागतं. अर्ज मान्य झाला, की परदेशातल्या जन्माचा अहवाल म्हणून एक दाखला मिळतो. त्यासाठी मूल अठरा वर्षांचं होण्याआधी अर्ज करावा लागतो. हा दाखला नागरिकत्व देत नाही. जन्मतःच असलेलं नागरिकत्व सिद्ध करतो.

माझा हात अडला तो पासपोर्टच्या अर्जावर. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी आईवडील दोघांचीही संमती लागते. भारतीय कायद्यानं, आई भारतीय आणि वडील बेकायदा आलेले नसल्यामुळे, आमची मुलगी जन्मानं भारतीयच होती. पण आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट बाळगता येत नाही. पुढे ओसीआय कार्ड काढता येतं. त्यावर आयुष्यभर येता-जाता, राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पुण्यात जन्मलेली माझी मुलगी आणि कागदावर परदेशी! दोन दिवस तो अर्ज टेबलावर पडून होता. यजमानांनी एका शब्दानंही घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, इकडची हवा विचारली, नातीबद्दल काही बोलल्या नाहीत. मी सही करायला तयार झाले.

निघताना आणखी एक गाठ होती. इथे जन्मलेल्या बाळाच्या नव्या परदेशी पासपोर्टवर भारताचा व्हिसा कुठून असणार? म्हणून देश सोडण्याआधी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी काढावी लागली. असं काही असेल तर विमानाचं तिकीट आधी काढू नका.

सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, ते जवळजवळ तासभर. नंतर तो पत्र्याचा डबा त्यांनी माझ्याकडेच ठेवायला सांगितला. आता त्यात मुलीच्या विमानप्रवासाचे बोर्डिंग पास आहेत, तारखेवार लावलेले. तिची मुलं अमेरिकेबाहेर जन्मली, तर तेव्हा दिवस तिचे मोजले जातील.