प्रलयाची भीति आणि प्रोटॉनांची टक्कर

इ. स. २००८ च्या सप्टेंबर महिन्याची १० तारीख. गणेशोत्सवाचे दिवस असल्यामुळें ठाणें, डोंबिवली व कल्याण येथें घरोघरीं आरत्या चालू होत्या. आणि त्याच सुमारास देशांतील अनेक दूरचित्रवाणी वाहिन्या जगाच्या अंताची घटका भरत आल्याचें सांगत होत्या. युरोपांत जिनीव्हा शहराजवळ, फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर, जमिनीखालीं सुमारें १०० मीटर खोल अशा २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यांत सर्न या संस्थेनें उभारलेलें ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ हें यंत्र त्या दिवशीं सुरू व्हावयाचें होतें. त्यांत प्रोटॉन एकमेकांवर आदळतील, त्या आघातांतून कृष्णविवर जन्मास येईल व तें सारी पृथ्वी गिळून टाकील, असें तें भाकीत होतें.

अशा भाकितास हंसून मोकळें होणें सोपें आहे. परंतु मध्य प्रदेशांतील एका सोळा वर्षांच्या मुलीनें त्याच दिवशीं आपला जीव दिला, आणि प्रलयाच्या या बातम्यांनीं तिचें मन धास्तावलें होतें असें तिच्या वडिलांनीं सांगितल्याचें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. तेव्हां शंका घेणाऱ्यास मूर्ख न ठरवितां शंकेचें उत्तर देणें हेंच योग्य होय.

पहिली गोष्ट अशी कीं, त्या दिवशीं टक्कर व्हावयाचीच नव्हती. प्रोटॉनांचा झोत एका वेळीं एकाच दिशेनें वर्तुळांत फिरवून पाहावा, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम होता. टक्कर प्रथम झाली ती नोव्हेंबर २००९ मध्यें. आणि पूर्वींच्या सर्वांत मोठ्या यंत्राच्या तिपटीहून अधिक ऊर्जेची टक्कर ३० मार्च २०१० रोजीं. त्या तारखा आज कोणाच्या ध्यानांतहि नाहींत.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. या यंत्राची ऊर्जा पुढें वाढत गेली. तरीहि दोन प्रोटॉनांच्या एका टकरींत जी ऊर्जा असते ती उडणाऱ्या डझनभर डांसांच्या गतीइतकीच भरते. ठाण्याच्या खाडीकांठीं राहणारांस डांसांची नव्यानें ओळख करून देण्याचें कारण नाहीं. नवल आहे तें इतकेंच कीं, ती ऊर्जा अणूच्या गाभ्याहूनहि लहान जागेंत एकवटते.

परंतु खरें उत्तर आहे तें आकाशांत. श्रोत्यांनीं आपला तळहात पुढें धरावा. त्यांतून दर सेकंदास सुमारें एक म्युऑन कण पार जात आहे. दूरच्या अंतराळांतून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात, आणि त्या आघातांतून उत्पन्न झालेल्या कणांची सर खालीं कोसळत असते. ती ठाण्याच्या मासुंदा तलावावर पडते, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर पडते, आणि लोकलमध्यें उभ्यानें प्रवास करणाऱ्यांच्या अंगांतूनहि निघून जाते. अशी सर एका कणापासून कशी वाढत जाते याचें गणित होमी भाभा यांनीं हाइटलर यांच्यासह १९३७ सालींच मांडलें होतें. १९९१ सालीं अमेरिकेंतील यूटा येथें जो एक विश्वकिरण नोंदला गेला, त्या एकट्या कणांत ताशीं ९० किलोमीटर वेगानें टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढी ऊर्जा होती. त्याच्या आघाताची तीव्रता कोलायडरांतील टकरीच्या सुमारें पन्नास पट ठरते. पृथ्वीच्या आजवरच्या आयुष्यांत निसर्गानें तिच्यावर हा सबंध प्रयोग सुमारें एक लाख वेळां करून पाहिला आहे, असा हिशेब सर्नच्या सुरक्षा-समितीनें २००८ सालीं मांडला. आणि पृथ्वी जागच्या जागीं आहे.

यावर एक आक्षेप निघतो व तो विचार करण्याजोगा आहे. विश्वकिरणांच्या आघातांतून कृष्णविवर झालेंच तर तें प्रचंड वेगानें पृथ्वीच्या पार निघून जाईल. यंत्रांतील दोन प्रोटॉन मात्र समोरासमोर येत असल्यामुळें त्यांच्यापासून झालेलें कृष्णविवर येथेंच रेंगाळेल, त्याचें काय? त्याचें उत्तर न्यूट्रॉन तारे देतात. त्यांचें द्रव्य इतकें घनदाट असतें कीं, असा वेगवान पाहुणाहि त्यांच्या पोटांत अडकून पडावा. त्यांच्यावर विश्वकिरणांचा मारा कोट्यवधि वर्षें चालू असून ते शाबूत आहेत. शिवाय हॉकिंग यांच्या सिद्धान्ताप्रमाणें इतकें सूक्ष्म कृष्णविवर क्षणार्धांत विरून जावें. परंतु तो सिद्धान्त बाजूस ठेवला तरीहि ताऱ्यांची साक्ष पुरेशी आहे.

मग भय मुळींच नव्हतें काय? होतें, पण तें निराळ्या जागीं. एक टक्कर डांसांएवढी असली तरी झोतांत प्रोटॉन अगणित असतात. पूर्ण भरलेल्या एका झोताची ऊर्जा म्हणजे ताशीं १५० किलोमीटर वेगानें धांवणारी ४०० टनांची आगगाडीच! चुंबकांतील विद्युत्प्रवाह व त्यांना अतिशीत ठेवणारा द्रवरूप हीलियम यांचा धाक वेगळाच. यंत्र सुरू होऊन नऊ दिवस झाले नाहींत तोंच, १९ सप्टेंबर २००८ रोजीं, दोन चुंबकांमधील तारांचा एक सदोष जोड वितळला, कित्येक टन हीलियम बोगद्यांत फुटून निघाला आणि अनेक टन वजनाचीं चुंबकें जागेवरून सरकलीं. बोगद्यांत त्या वेळीं कोणी नव्हतें, म्हणून जीवितहानि झाली नाहीं. कृष्णविवराच्या गर्जनेंत या साध्या जोडाविषयीं कोणी अवाक्षर काढलें नव्हतें.

डोंबिवलीकरांस हें निराळें सांगावयास नको. तेथील औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं एका रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन १२ माणसें मरण पावलीं व दीडशेंहून अधिक जखमी झालीं. दूरदूरच्या घरांच्या कांचा फुटल्या. त्यापूर्वीं दोन वर्षें, जानेवारी २०१४ मध्यें, त्याच शहरांत हिरवा पाऊस पडला होता. या गोष्टींना ना अंतराळांतील किरण लागले ना कृष्णविवर. लागला तो वस्तीला खेटून केलेला रसायनांचा सांठा. जिनीव्हाजवळच्या बोगद्यांतील दोष सांपडल्यावर यंत्र सुमारें १४ महिने बंद ठेवण्यांत आलें, जोड तपासण्यांत आले, दाब सोडणाऱ्या झडपा वाढविण्यांत आल्या आणि धोका आधीं ओळखणारी नवी यंत्रणा बसविण्यांत आली. डोंबिवलीच्या वसाहतींत २०१६ नंतर आठ वर्षांनीं, २३ मे २०२४ रोजीं, दुसऱ्या एका कारखान्यांत पुन्हां स्फोट झाला, आणि त्यांत दहाहून अधिक माणसें दगावलीं.