प्रवरेकाठचीं पहिलीं घरें

राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा या गांवानें नदीचें नांव आपल्या नांवांत गोंविलें आहे, तें यथार्थच होय. या नदीच्या खोऱ्यांत मनुष्य शेती करून घरें बांधूं लागला, त्यास ४,००० वर्षें होऊन गेलीं. देवळालीच्या वरच्या अंगास संगमनेरजवळ जोर्वें, खालच्या अंगास दायमाबाद व नेवासें. नेवासें म्हणतांच वाचकांस ज्ञानेश्वरी आठवेल. परंतु तिच्या पूर्वीं सुमारें २,५०० वर्षें तेथें संसार नांदत होते.

डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं १९५०-५१ सालीं जोर्वें येथें उत्खनन केलें, आणि इ. स. पूर्वीं १४०० च्या सुमारास बहरलेल्या त्या कृषिसंस्कृतीस या लहानशा गांवाचेंच नांव मिळालें. हे लोक गहूं, जव, मसूर पिकवीत, गुरें पाळीत, तांब्याच्या कुऱ्हाडी वापरीत व तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढीत. दायमाबादेस १९७४ सालीं सांपडलेल्या ब्राँझच्या रथाची कीर्ति सर्वत्र आहे. आमचें लक्ष मात्र घरांच्या जमिनीखालीं जातें.

मूल दगावलें कीं तें दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून, घरांतच पुरीत. नेवाशास अशा एका बालकाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांत रेशीम-कापसाच्या दोऱ्याचा अंशहि टिकला होता.

युरोपांत शेती इ. स. पूर्वीं ६५०० च्या सुमारास आली. नुसतें बियाणें आलें नाहीं. अनातोलियांतून कुटुंबेंच आलीं, हें प्राचीन अस्थींच्या परीक्षणावरून आतां सिद्ध झालें आहे. त्या संक्रमणकाळांतील, डान्यूबकाठच्या लेपेन्स्की वीर येथील घरांखालींहि नवजात अर्भकें पुरलेलीं आढळलीं. दोन्ही नद्यांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता.

शिकारी सावजामागें जातो. शेतकऱ्यास पेरणीपासून कापणीपर्यंत पिकापाशीं राहावें लागतें. त्या राहण्यास घर लागलें, आणि गेलेलें मूलहि घराबाहेर जाऊं नये, असें मातेस वाटलें असावें. आपल्यांतहि तान्ह्या मुलास अग्नि न देतां भूमीच्याच स्वाधीन करितात.

इ. स. पूर्वीं १००० च्या सुमारास प्रवरेकाठचीं हीं गांवें ओस पडलीं. धान्य नेतां आलें, गुरें हांकून नेतां आलीं; मुलें तेथेंच राहिलीं. म्हणून पांढरीची माती शेतांत नेतांना कुदळीस खापर लागलें, तर हात क्षणभर आवरावा. तें कोणाचें तरी घर आहे.