आजोबांच्या वाटणीचा हुकूमनामा कुठे मिळेल?

वाटणीचा विषय निघाला की जुन्या ट्रंकेतला उर्दू कागद बाहेर येतो. आजोबांचा दावा आदिलाबादला चालला होता, एवढेच सर्वांना ठाऊक असते.

आधी गाव पाहा. आपल्या बिदरसारखाच आदिलाबाद जिल्हाही निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यातले किनवट व राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले. २०१६ मध्ये उरलेल्याचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि आसिफाबाद. तेव्हा गाव आज कोणत्या न्यायालयाखाली येते, हे कळल्यावरच एसटीत बसा.

वादी-प्रतिवादींची नावे, दाव्याचा नंबर, साल आणि शेताचा सर्व्हे नंबर टिपून घ्या. अलीकडचा दावा ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो. जुन्यासाठी रेकॉर्ड रूमच गाठावी लागते. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला मागा. बाकीचे बरेच कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात.

आणि घरात उर्दू शिकलेले आजोबा असतील, तर ट्रंकेतला तो कागद आजच वाचून घ्या. दाव्याचा नंबर बहुधा त्यातच असेल.