अंड्यातूनच येणारी हगवण

साल्मोनेला पुलोरम या जीवाणूमुळे कोंबडीच्या पिल्लांना पांढरी हगवण लागते. पिल्ले पंख पाडून एकमेकांना बिलगतात, शेपटाखाली चुन्यासारखी विष्ठा थापते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मर लागते. त्याचाच भाऊबंद साल्मोनेला गॅलिनेरम मोठ्या कोंबड्यांना टायफॉइड करतो. तुरा फिका पडतो, हगवण हिरवट-पिवळी होते.

पांढऱ्या हगवणीचा जीवाणू अमेरिकी संशोधक लिओ रेटगर यांनी १९०० मध्ये नोंदवला. त्याहून मोलाचे त्यांचे पुढचे काम: रोग अंड्यातून कसा पसरतो हे दाखवणे. आजारातून वाचलेली तलंग धडधाकट दिसते, अंड्यावर येते. जीवाणू मात्र तिच्या अंडाशयात ठाण मांडून असतो. तिची काही अंडी बाधितच निघतात आणि उबवणी यंत्रात एका पिल्लाच्या लवेबरोबर रोग शेजारच्या पिल्लांत पसरतो.

म्हणूनच मेलेली पिल्ले मोजून प्रसार कळत नाही. पंखाखालच्या शिरेतला रक्ताचा थेंब जांभळ्या प्रतिजनात मिसळतात. दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर कोंबडी बाधित समजतात. नुकत्याच बाधलेल्या कोंबड्या या चाचणीतून निसटतात, म्हणून काही आठवड्यांनी फेरतपासणी लागते. शिवाय एका फार्मवरचा टक्का साऱ्या जिल्ह्याला लावता येत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातल्या ८५ कोटी पक्ष्यांपैकी सुमारे ३२ कोटी परसातले होते आणि त्यांचे रक्त क्वचितच तपासले जाते.

बीड जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांची जोखीम लोकांच्या जगण्याशी बांधलेली आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबे कोंबड्याही डालग्यात घालून नेतात. कारखान्याच्या तळावर, कोप्यांभोवती गावोगावच्या कोंबड्या एकत्र चरतात. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट खुराड्यात जाते, फेरीवाल्याच्या पिल्लांचे मूळ ठाऊक नसते, मेलेली कोंबडी उकिरड्यावर पडते आणि कुत्री-कावळे ती पांगवतात. उंदीर व ओली गादी यांची त्यात भर.

मानमोडीची लस इथे उपयोगी नाही, कारण मानमोडी हा विषाणूचा रोग. प्रतिजैविकाने मर कमी होते, पण वाहक कोंबडी तशीच राहते. खरा उपाय मुळाशी आहे: तपासलेल्या कळपाचीच पिल्ले घेणे, नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवणे, मेलेली खोल पुरणे, पिल्लांची मर लागलेल्या कोंबडीची अंडी रवणीला न घालणे. हे दोन जीवाणू माणसाला सहसा बाधत नाहीत. पण साल्मोनेलाचे इतर प्रकार बाधतात, त्यामुळे हात धुणे आणि अंडी-मटण नीट शिजवणे आवश्यकच.